वाकळीचे वजन, वाकळीची ऊब

पौष महिन्यातल्या पहाटे आपल्या नांदेड-लातूरकडे पारा दहा-बारा अंशांपर्यंत खाली येतो. अशा वेळी पेटीतली जुनी वाकळ बाहेर निघते. पुण्याकडे तिला गोधडी म्हणतात, एवढाच फरक. फाटकी लुगडी आणि विरलेली धोतरे एकावर एक अंथरायची, त्यांवर ठिगळे लावायची आणि सगळीकडून धावदोरा घालायचा, की झाली वाकळ तयार. ती अंगावर घेतली की दोन गोष्टी जाणवतात. एक म्हणजे ऊब आणि दुसरी म्हणजे वजन.

आपण या दोन गोष्टी एकच समजतो. ‘चांगली जड वाकळ आहे, म्हणून ऊब लागते’ असे सहज म्हणून जातो. पण हे खरे आहे का?

हा प्रश्न आज मुद्दाम विचारण्याचे कारण आहे. काही मुलांना रात्री लवकर झोप लागत नाही. ती सारखी कूस बदलतात, बेचैन असतात. स्वमग्न मुलांमध्ये ही अडचण पुष्कळदा दिसते. अशा मुलांसाठी अलीकडे शहरांतून ‘वजनदार पांघरूण’ विकत मिळते. त्यात काचेचे किंवा प्लॅस्टिकचे बारीक मणी भरलेले असतात. त्याची किंमत पाहून अनेक पालक विचारतात की हे घरी शिवता येईल का? येईल. पण सुई हातात घेण्यापूर्वी थोडे पदार्थविज्ञान समजून घेतले पाहिजे, कारण या पांघरुणाखाली एक लहान मूल श्वास घेत झोपणार आहे.

वजन नव्हे, दाब

समजा, मुलाचे वजन २४ किलोग्रॅम आहे. अशा पांघरुणाचे वजन मुलाच्या वजनाच्या सुमारे एक दशांश असावे, असा संकेत रूढ आहे. हा केवळ अंदाजाचा संकेत आहे, न्यूटनच्या नियमासारखा नियम नव्हे, हे लक्षात ठेवा. या हिशेबाने पांघरूण झाले २.४ किलोग्रॅमचे. त्याची रुंदी १ मीटर आणि लांबी १.४ मीटर धरू. म्हणजे क्षेत्रफळ १.४ चौरस मीटर.

आता बल काढू. २.४ ला ९.८ ने गुणले की सुमारे २३.५ न्यूटन येतात. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. २३.५ ला १.४ ने भागल्यावर उत्तर येते सुमारे १७ पास्कल.

सतरा पास्कल म्हणजे किती? वातावरणाचा दाब सुमारे १,०१,३०० पास्कल असतो. त्याच्या मानाने १७ पास्कल म्हणजे जवळजवळ सहा हजारावा हिस्सा! पाण्याच्या भाषेत सांगायचे तर पावणेदोन मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या थराचा दाब.

मग असा प्रश्न पडेल की वातावरणाचा एवढा प्रचंड दाब आपल्याला जाणवत नाही आणि वाकळीचा इवलासा दाब मात्र जाणवतो, हे कसे? वातावरणाचा दाब शरीरावर सर्व बाजूंनी सारखा असतो आणि शरीराच्या आतला दाबही त्याला तोलून धरतो. वाकळ मात्र वरूनच दाबते. त्यामुळे त्वचा किंचित वाकते, ताणली जाते. हे वाकणे त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांना कळते. म्हणजे त्वचा दाब मोजत नाही, दाबामुळे होणारा आकारातला बदल ओळखते.

त्वचेतले दोन पहारेकरी

आपल्या त्वचेत निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळे ग्राही आहेत. काही ग्राही दाब बदलला की लगेच संदेश पाठवतात आणि दाब स्थिर झाला की गप्प बसतात. म्हणूनच सकाळी अंगात घातलेला सदरा थोड्या वेळाने अंगावर आहे हेही आपण विसरतो. दुसरे काही ग्राही दाब कायम असेपर्यंत सावकाश संदेश पाठवत राहतात. वाकळीचे वजन बराच वेळ जाणवत राहते ते या दुसऱ्या प्रकारच्या ग्राहींमुळे.

ऊब ओळखणारे ग्राही याहून अगदी वेगळे असतात. २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापौटियन या शास्त्रज्ञांना मिळाले. मिरचीचा तिखटपणा ज्या रसायनामुळे असतो, त्याच्या साहाय्याने ज्युलियस यांनी उष्णता ओळखणारा ग्राही शोधला. पटापौटियन यांनी यांत्रिक दाब ओळखणारे ग्राही शोधले. म्हणजे पारितोषिक एक, पण ग्राही दोन! ऊब आणि वजन या दोन वेगळ्या संवेदना आहेत, हे आपल्या त्वचेच्या रचनेतच लिहिलेले आहे.

ऊब कोठून येते?

वाकळ स्वतः ऊब निर्माण करीत नाही. ऊब आपल्या शरीराची असते. वाकळ ती बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. हे काम करते ती कापडाच्या थरांमध्ये आणि धाग्यांच्या मध्ये अडकलेली हवा. स्थिर हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. पाणी तिच्यापेक्षा वीस पटींहून अधिक चांगले उष्णतावहन करते. म्हणूनच ओली वाकळ जड असते, पण तिच्यात ऊब नसते.

आपल्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या कापसाकडे पाहा. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात दिलेले एनएचएच-४४ हे संकरित वाण मराठवाड्यात शेतोशेती पोचले होते. त्या किंवा कोणत्याही वाणाचा कापूस गादीत वर्षभर दबून राहिला की त्याच्या गाठी होतात. पूर्वी पिंजारी धनुकलीच्या तारेने तो पिंजून देत असे. पिंजण्यापूर्वी आणि पिंजल्यानंतर कापसाचे वजन तेवढेच. पण पिंजल्यानंतर तो फुगतो, त्यात हवा शिरते आणि ऊब वाढते. वजन न वाढवता ऊब वाढवण्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

याचा पडताळा तुम्ही शाळेत घेऊ शकता. दोन सारख्या बाटल्या घ्या. शिक्षकांच्या मदतीने दोन्हींत सारखेच गरम पाणी भरा. एकाच कापडाचे दोन सारखे तुकडे घ्या. एक तुकडा पहिल्या बाटलीभोवती सैल गुंडाळा, दुसरा दुसरीभोवती तेवढ्याच वेढ्यांनी घट्ट आवळून बांधा. दर दहा मिनिटांनी तापमान मोजा आणि आलेख काढा. दोन्ही कापडांचे वजन एकच आहे. मग कोणती बाटली आधी निवते? का?

आधी घडी घालून पाहा

आता एक गंमत पाहू. समजा, घरात २ मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद अशी एक वाकळ आहे. तिचे वजन २.४ किलोग्रॅम भरले. क्षेत्रफळ २.८ चौरस मीटर. ती पसरून अंगावर घेतली तर दाब होतो सुमारे ८.४ पास्कल. आता तिची मधोमध एक घडी घाला. वजन तेच राहिले, क्षेत्रफळ मात्र १.४ चौरस मीटर झाले. म्हणजे दाब दुप्पट, सुमारे १७ पास्कल!

वर हिशेब केलेल्या वजनदार पांघरुणाचा दाबही एवढाच होता. म्हणजे थंडीच्या दिवसांत नवीन काही शिवायचीच गरज नाही. आजीची वाकळ तराजूवर ठेवावी, मुलाच्या वजनाशी ताडून पाहावी आणि एक घडी घालून मुलाला आवडते का ते पाहावे. तिच्यात सुटे मणी नाहीत, ती नदीवर किंवा नळाखाली धुता येते आणि तिच्यासाठी एक पैसाही खर्च नाही.

मग मणी भरलेले पांघरूण हवेच कशाला? याचे उत्तर आपल्या उन्हाळ्यात आहे. मे महिन्यात इकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि रात्रीही उकाडा असतो. सहा थरांच्या वाकळीची घडी घातली की बारा थर होतात. वजन हवे तेवढे मिळाले, पण नको असलेली ऊबही दुप्पट थरांची मिळाली. मूल घामाघूम होईल. अशा वेळी हवेचे थर कमी ठेवून वजन वाढवायचे असेल, तर थोड्या जागेत मावणारा जड पदार्थ भरावा लागतो.

टाके कशासाठी?

येथे धोक्याचा मुद्दा येतो. समजा, कापडाच्या दोन थरांत १.४ किलोग्रॅम वाळू नुसतीच ओतली आणि चारी कडा शिवून टाकल्या. मूल कुशीवर वळेल, पांघरूण ओढेल आणि सगळी वाळू एका जागी गोळा होईल. ती जागा छातीवरची असली तर?

आकडे मांडून पाहू. मुलाच्या छातीचा २० सेंमी रुंद आणि २५ सेंमी लांब असा भाग घ्या. क्षेत्रफळ ०.०५ चौरस मीटर. वजन सर्वत्र सारखे पसरलेले असताना या भागावर फक्त ८५ ग्रॅमच्या आसपास भार येतो. छोट्या पेरूएवढा! पण सगळी वाळू तेथे गोळा झाली तर भार होतो चौदाशे ग्रॅमहून अधिक, म्हणजे सोळा पटींपेक्षा जास्त. श्वास घेताना दर खेपेला छातीला हा भार उचलावा लागेल. पांघरुणाचे एकूण वजन मात्र दोन्ही वेळी तेच. धोका एकूण वजनात कमी आणि ते एकवटण्यात जास्त आहे.

हे टाळण्याचा उपाय आपल्या वाकळीत आधीच आहे. जवळजवळ घातलेल्या धावदोऱ्यामुळे आतला चिंधीचा तुकडा जागचा हलत नाही. मण्यांच्या पांघरुणात हेच काम चौकोनी कप्पे करतात. १० सेंमी बाजूचे चौकोन शिवले, तर आतला कण कितीही धडपडला तरी आपल्या चौकोनाबाहेर जाऊ शकत नाही. म्हणजे येथे टाका शोभेसाठी नाही, जिवाच्या रक्षणासाठी आहे.

यासाठी सोपा प्रयोग करा. १० सेंमी रुंद आणि ४० सेंमी लांब अशा दोन पिशव्या शिवा. दोन्हींत ४० ग्रॅम ज्वारी भरा. एका पिशवीत आडवे तीन टाके घालून चार कप्पे करा आणि प्रत्येकात १० ग्रॅम ज्वारी ठेवा. आता दोन्ही पिशव्या उभ्या धरून हलवा आणि पुन्हा आडव्या ठेवा. काय दिसले?

हिशेब करून शिवणे

आपल्या पांघरुणाची रुंदी १०० सेंमी, लांबी १४० सेंमी. १० सेंमीचे चौकोन किती? रुंदीत १०, लांबीत १४, एकूण १४०. एक चौरस मीटर सुती कापडाचे वजन १३० ग्रॅम धरू. तुमच्या कापडाचे वजन स्वतः करून पाहा. पाच थरांचे वजन सुमारे ९१० ग्रॅम होईल. काठपट्टी आणि दोरा मिळून कापडाचे १ किलोग्रॅम समजू. उरले १.४ किलोग्रॅम. ते १४० चौकोनांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर १० ग्रॅम येतात.

दहा ग्रॅम दरवेळी तोलत बसण्याची गरज नाही. एका चमच्याने सपाट दहा चमचे घ्या, एकदम वजन करा आणि दहाने भागा. एका चमच्याच्या वजनापेक्षा या सरासरीत चूक कमी राहते. प्रयोगशाळेत दोलकाच्या वीस आंदोलनांचा वेळ मोजून वीसने का भागतात, तेच हे.

आत काय भरावे? ज्वारी घरात असते, पण ती हलकी. दहा ग्रॅम ज्वारी सुमारे १३ घन सेंटिमीटर जागा व्यापते, तर तेवढीच कोरडी वाळू साडेसहा घन सेंटिमीटरच्या आसपास. शिवाय धान्य धुता येत नाही, त्याला कीड लागते, ओल धरली की बुरशी येते आणि उंदीर वाकळ कुरतडतात ते निराळेच. वाळू वापरायची तर ती अनेकदा धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, बारीक चाळणीने चाळून धूळ पूर्ण काढून टाकली पाहिजे. वाळूची धूळ श्वासातून फुप्फुसात जाणे वाईट. बारीक काचमणी मिळाले तर सर्वांत बरे. भरण काहीही असो, आतले कापड घट्ट विणीचे हवे. मांजरपाटाच्या विणीतून बारीक कण बाहेर येतात, पॉपलीन बरे.

शिवण्याची रीत अशी. थर एकावर एक ठेवून तीन कडा बंद करा. मग १० सेंमी अंतराने उभे टाके घालून दहा लांब नळ्या करा. मधल्या दोन थरांमध्ये प्रत्येक नळीत १० ग्रॅम भरण सोडा, ते तळाशी झटकून घ्या आणि आडवी शिलाई मारा. एक रांग झाली. अशा चौदा रांगा. शिलाई यंत्रावर दुहेरी मारा. शेवटी पांघरुणाचे एकूण वजन करून हिशेबाशी ताडून पाहा. तयार झाल्यावर एकेक चौकोन चिमटीत धरून ओढा. एकही टाका सैल वाटला तर तो पुन्हा शिवल्याशिवाय पांघरूण वापरू नका.

याचा उपयोग होतो का?

अमेरिकेतील पशुविज्ञानाच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन या स्वतः स्वमग्न आहेत. गुरांना लस टोचताना दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या खोड्यात काही जनावरे शांत होतात, हे त्यांनी तरुणपणी पाहिले आणि स्वतःसाठी तसेच दाब देणारे यंत्र बनवले. सर्वांगाला मिळणारा सौम्य दाब मन शांत करतो, या कल्पनेला त्यामुळे मोठी चालना मिळाली.

पण कल्पना आणि पुरावा यांत अंतर असते. २०१४ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी झोपेची तक्रार असलेल्या स्वमग्न मुलांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ६७ मुले शेवटपर्यंत सहभागी होती. प्रत्येकाला काही दिवस वजनदार आणि काही दिवस तसेच दिसणारे हलके पांघरूण दिले. झोप मनगटावरच्या यंत्राने मोजली. निष्कर्ष काय? वजनदार पांघरुणामुळे झोपेचा कालावधी वाढला नाही. मात्र मुलांना आणि पालकांना तेच पांघरूण अधिक आवडले!

याउलट २०२० मध्ये स्वीडनमधल्या १२० प्रौढ रुग्णांच्या चाचणीत, साखळ्या घातलेल्या जड पांघरुणाने निद्रानाशाची तक्रार कमी झाल्याचे दिसले. येथे एक अडचण तुमच्या लक्षात आली का? औषधाच्या चाचणीत खरी गोळी आणि खोटी गोळी सारखीच दिसते. पण पांघरूण जड आहे की हलके, हे अंगावर घेणाऱ्याला लगेच कळते. अपेक्षेचा परिणाम आणि वजनाचा परिणाम वेगळे करणे म्हणूनच कठीण असते.

तेव्हा खरे उत्तर असे की काही मुलांना हे पांघरूण आवडते आणि बरे वाटते. ते औषध मात्र नव्हे.

हे नियम मोडायचे नाहीत

लहान बाळावर वजनदार पांघरूण कधीही घालू नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये तान्ह्या बाळांसाठी अशा सर्व वजनदार वस्त्रांविरुद्ध स्पष्ट सल्ला दिला आहे. पाच वर्षांखालील मुलासाठी, तसेच दमा, फिट्स किंवा हृदयाचा विकार असलेल्या मुलासाठी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये.

मुलाला ते स्वतःच्या हाताने, कोणाच्याही मदतीशिवाय दूर करता आले पाहिजे. जागेपणी हे चार-पाच वेळा करून पाहा. जमले नाही, तर वजन हिशेबात बसत असले तरी ते पांघरूण त्या मुलासाठी जड आहे.

तोंड आणि डोके नेहमी उघडे हवे. मुलाला त्यात कधी गुंडाळू नये आणि शिक्षा म्हणून किंवा गप्प बसवण्यासाठी तर मुळीच वापरू नये. २००८ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात एका शाळेत नऊ वर्षांच्या मुलाला अशा पांघरुणात गुंडाळून ठेवले गेले आणि त्यात त्याचा जीव गेला. १७ पास्कलचा दाब निरुपद्रवी खरा. पण तो पसरलेल्या, डोके उघडे ठेवलेल्या आणि झटकता येणाऱ्या पांघरुणाचा दाब आहे. वेढे घातले की हिशेब बदलतो.

आणि मूल ‘नको’ म्हणाले, तर ते काढून ठेवावे. तराजू वजन सांगेल, गणित दाब सांगेल. पण तो दाब सुखाचा आहे की नाही, हे ज्याच्या अंगावर पांघरूण आहे त्याची त्वचाच सांगू शकते.

आता एवढे करा. घरातली वाकळ तोला, लांबी-रुंदी मोजा आणि तिचा दाब पास्कलमध्ये काढा. थर किती ते कडेला मोजा. वर्गातल्या सर्वांचे आकडे एका तक्त्यात मांडा. सर्वांत जड वाकळ हीच सर्वांत उबदार आहे का, हे तुमचा तक्ताच तुम्हाला सांगेल.